प्रत्यारोपणानंतरची नागीण आणि चामखीळ : या चुका टाळा

मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाच्या अंगावर पाण्याचे फोड उठले की आमच्या नागपुरात पहिली धाव औषधाच्या दुकानाकडे असते आणि तिथून हमखास स्टेरॉइडची ट्यूब घरी येते. या ट्यूबचा मला आता उबग आला आहे. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट ही औषधे नवे मूत्रपिंड टिकावे म्हणून प्रतिकारशक्ती आधीच दाबून ठेवतात. त्यामुळे लहानपणच्या कांजिण्यांचा, मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून बसलेला विषाणू नागीण होऊन बाहेर पडतो, आणि वरून चोळलेले स्टेरॉइड त्याला मोकळे रानच देते.

गेल्या मे महिन्यात चंद्रपूरकडचे एक गृहस्थ आले. कमरेच्या एका बाजूला होणारी आग उन्हाळ्याची समजून घरी गेरूचा लेप झाला, मग ट्यूब झाली आणि ठणका थांबेना म्हणून डायक्लोफेनॅकच्या गोळ्याही झाल्या. माझ्यासमोर बसले तेव्हा फोड छातीवर आणि चेहऱ्यावर पसरले होते, रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की वाढणारा घटक) चढले होते आणि घरच्यांना घोर होता तो नागिणीचे तोंड शेपटीला जुळेल की काय, याचा. त्यांना भरती करून शिरेतून अॅसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध द्यावे लागले. हे औषध फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेले बरे. मात्र प्रत्यारोपण झालेल्याने मुदत टळली म्हणून घरी बसू नये. अॅसायक्लोव्हिरची मात्रा मूत्रपिंडाच्या कामावर ठरते आणि अंगात पाणी कमी असेल तर त्याचे स्फटिक मूत्रपिंडातच साचतात, म्हणून शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेण्याची घाई मला मुळीच खपत नाही. ताजे क्रिएटिनिन आणि चालू गोळ्यांची यादी फाइलच्या पहिल्या पानावर लावल्याशिवाय मी चिठ्ठी लिहीत नाही.

प्रत्यारोपणाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. त्या कमी करायच्या की नाहीत, हे नेफ्रॉलॉजिस्टच, म्हणजे मूत्रपिंडाचे डॉक्टरच, ठरवतील. नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठावे. घरात कुणाला कांजिण्या झाल्या, तर स्वतःच्या अंगावर काही उठण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

चामखिळीला घोड्याचा केस बांधणारे अजून भेटतात. या रुग्णांत उन्हाने रापलेल्या हातावरची, भराभर वाढणारी किंवा रक्त येणारी चामखीळ कर्करोगही असू शकते, म्हणून अशा गाठीचा तुकडा मी तपासायला पाठवतोच.

नागिणीची जिवंत विषाणूची लस या रुग्णांना चालत नाही. भारतात २०२३ पासून मिळणाऱ्या लशीत जिवंत विषाणू नसतो. तिचे दोन डोस शक्यतो प्रत्यारोपणाआधीच उरकावेत.