शेकोटी पेटत नाही? काडी ओढण्याआधीच्या या चुका टाळा

ट्रेकवर शेकोटी पेटवायला बसलेला माणूस लांबूनही ओळखू येतो. गाल जमिनीला टेकलेला, डोळ्यांत धूर, आणि फुंकून फुंकून भोवळ यायची वेळ. मीही त्यातलाच. पहिल्यांदा एकट्याने मुक्काम केला तेव्हा जवळजवळ अख्खी काडेपेटी संपवली. दोन काड्या उरल्या तेव्हा कुठे थांबलो आणि समोर काय मांडलंय ते नीट पाहिलं: मूठभर पालापाचोळा आणि त्यावर मनगटाएवढी चार लाकडं. मधलं काहीच नाही. मी काड्या सादळल्या म्हणून त्यांना शिव्या घालत होतो, आणि त्या बिचाऱ्या दर वेळी नीट पेटत होत्या.

काटक्या कमी, लाकडं जास्त

सगळ्यात जास्त शेकोट्या इथे विझतात. आधी पटकन पेट घेणारं काहीतरी हवं: सुकं गवत, मेलेल्या सालीचे आतले तंतू, नारळाची शेंडी. ते दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढं. मग काडेपेटीतल्या काडीइतक्या बारीक काटक्या, मग पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या. लोक बारीक काटक्या मूठभर आणतात. त्या कवेत मावतील एवढ्या लागतात. पुरेशा झाल्या असं वाटलं की तेवढ्याच आणखी आणा आणि मगच काडी ओढा. आग लागल्यावर काटक्या शोधायला धावलात तर परत येईपर्यंत राख झालेली असते.

नुसत्या वाळक्या पानांवर भिस्त ठेवू नका. ती भपकन पेटतात, पण एकावर एक चपटी बसतात आणि हवा कोंडतात.

जमिनीवर पडलेलं ते सुकंच, हा समज

मातीला टेकलेलं लाकूड ओल धरतं. वरून पांढरं, कोरडं दिसतं, आत ओलं. त्याऐवजी झाडावर अडकून राहिलेल्या मेलेल्या फांद्या, उभ्या-उभ्या वाळलेली झुडपं बघा. मोडून पाहा: कडकन आवाज झाला तर घ्या, नुसती वाकली तर सोडा. शंका असेल तर मोडलेलं टोक गालाला लावा. गार लागलं तर ओल आहे. बोटांनी कुस्करणारं कुजकं लाकूड म्हणजे स्पंजच, त्याच्या वाटेला जाऊ नका. जिवंत झाडाची फांदी तोडणं तर निव्वळ मूर्खपणा. ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं, आणि ते उडून जाईपर्यंत तुमच्या इवल्याशा ज्योतीची सगळी धग पाणी उकळण्यातच जाते.

पाऊस पडून गेला असेल तरी हातपाय गाळायचं कारण नाही. उभ्या वाळलेल्या फांदीचा ओलावा बहुतेकदा वरवरचा असतो. अंगठ्याच्या दुप्पट जाडीची फांदी उभी चिरा. आतला गाभा कोरडा निघतो. चिरफळीचं एक टोक खाली टेकवा, चाकूचं पातं लाकडावर जवळजवळ आडवं ठेवा आणि वरून खाली हलकेच सरकवा. ढलपी शेवटपर्यंत तोडायची नाही, टोकाशी गुंडाळून तशीच लटकू द्यायची. पहिल्या चार-पाच तुटतातच. पातं जास्त खोल गेलं की जाड, चिवट ढलपी निघते आणि ती पेटायला कुरकुरते. उजेडात धरल्यावर आरपार दिसेल इतकी पातळ हवी. अशा कुरळ्या ढलप्यांचा झुपका झाला की ती एक काठी शंभर काटक्यांचं काम करते.

चीडसारख्या (पाइन) झाडांच्या पडलेल्या बुंध्यांवर राळ सापडली तर सोनंच. भूर्जाची सालही, ज्यावर पोथ्या लिहीत तीच, तेलकटपणामुळे दमट असली तरी पेटते. पण ती पडलेल्या झाडाचीच घ्या.

धूर काय सांगतो

पांढरा, दाट धूर आणि ज्योत नाही: लाकूड ओलं आहे किंवा तुम्ही एक पायरी गाळून जाड लाकूड टाकलंय. ते बाजूला काढा, पुन्हा बारीक काटक्यांवर या. ज्योत येते आणि गुदमरते: रचना फार घट्ट आहे, काठीने थोडी उचलून धरा. ज्योत आहे पण वरचं पेटत नाही: काटक्या फार विरळ आहेत, एकमेकींना धग देत नाहीत.

जमीन ओली असेल तर खाली अंगठ्याएवढ्या काठ्यांचा थर द्या. काडी वरून नको. वाऱ्याकडे पाठ करून, खालून लावा, म्हणजे वाराच ज्योत आत ढकलतो. फुंकर लांब, हळू आणि बुडाशी. श्वास घेताना तोंड फिरवा, नाहीतर धूर गिळाल.

ठिणगीवाल्यांसाठी

फेरो रॉडने, म्हणजे पात्याने खरवडल्यावर ठिणग्या देणाऱ्या धातूच्या कांडीने, सुरुवात करणारे पातं जोरात पुढे ढकलतात आणि रचलेलं सगळं उधळून देतात. पातं स्थिर ठेवा, रॉड मागे ओढा. नवा रॉड असेल तर त्यावरचा काळा थर आधी खरवडून काढा.

लाकडावर काठी गरगर फिरवून, म्हणजे अरणीच्या पद्धतीने आग काढायची हौस असेल तर ती कोरड्या दिवशी भागवा. भुसा फिकट तपकिरी पडत असेल तर दाब किंवा वेग कमी आहे; गडद, जवळजवळ काळा हवा. फिरवणं थांबवल्यावरही भुशाची ढिगली आपोआप धुमसत राहिली तर निखारा जमलाय. इथेच लोक आनंदाने फूऽऽ करून तो विझवतात. क्षणभर थांबा, त्याला धरू द्या, मग सुक्या तंतूंच्या घरट्यात अलगद ठेवा.

जिवावर बेतणाऱ्या चुका

नदीतले दगड शेकोटीभोवती लावू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. बांबू न चिरता टाकला तर पेराही तसाच फुटतो. कण्हेरीची काटकी तर नकोच, तिचा धूरही विषारी असतो. आणि आगीला बंदी असेल किंवा सोसाट्याचा वारा असेल, तर त्या रात्री शेकोटी नाही.

विझवताना माती लोटून निघून जाणारे बरेच दिसतात. मातीखाली निखारे तासन् तास जिवंत राहतात, मुळं आतल्या आत धुमसतात. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. मग हाताची मागची बाजू आधी राखेच्या वर धरा, धग जाणवली नाही तर राखेला लावा. कोमट लागली तरी आणखी एक बाटली पाणी.