लिंक टाकली म्हणजे परवानगी दिली असं नाही: ऑनलाइन एकत्र काम करताना या चुका टाळा

छोटी ऑफिसं, ट्रस्ट, हाउसिंग सोसायट्या, वेगवेगळ्या गावांतून एकत्र काम करणारे गट यांच्या गूगल ड्राइव्हची (ऑनलाइन फाइली ठेवायची जागा) आणि ऑनलाइन मीटिंगची व्यवस्था लावून देणं हे माझं काम. माणसं बदलतात, चुका मात्र त्याच राहतात. माहिती बाहेर गेली की लोक आधी हॅकरला शोधतात. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत कुणी काहीही फोडलेलं नव्हतं. आपल्याच माणसाने घाईत परवानगी दिली होती आणि नंतर ती काढायची कुणाला आठवण राहिली नव्हती.

'एनीवन विथ द लिंक'

लिंक हाती असलेल्या कुणालाही फाइल उघडेल असं सेटिंग ठेवणं, या चुकीवर मी जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यांत जास्त नुकसान हिनेच होतं.

ग्रामीण भागातल्या मुलींना शिष्यवृत्ती देणारी एक संस्था आहे. कार्यकर्ते पुण्यात, नाशकात, दोघंतिघं अमेरिकेत. अर्ज गूगल फॉर्मवर यायचे. उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, पासबुकाचं पहिलं पान, सगळं एकाच फोल्डरमध्ये जमा. छाननी सुरू झाली आणि 'मला ऍक्सेस मिळत नाहीये' असे मेसेज येऊ लागले. कुणाच्या फोनवर भलतंच जीमेल लॉगिन होतं, कुणी नोकरीच्या आयडीवरून लिंक उघडत होतं. समन्वयकाने कंटाळून अख्खा फोल्डर 'एनीवन विथ द लिंक' केला आणि लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. छाननी संपली, निकाल लागले, फोल्डर तसाच राहिला. पुढे कुणीतरी तीच लिंक पालकांच्या ग्रुपवर ढकलली, यादीत नाव आहे का ते बघायला.

काही महिन्यांनी एका मुलीच्या आईला फोन आला. शिष्यवृत्तीचा हप्ता जमा करायचाय, ओटीपी सांगा. बोलणाऱ्याला मुलीचं नाव, कॉलेज, बँकेची शाखा सगळं ठाऊक. त्या माउलीने ओटीपी न देता आधी कार्यकर्तीला फोन लावला, म्हणून पैसे वाचले. मला बोलावलं ते त्यानंतर. माहिती याच फोल्डरमधून गेली का, हे शोधायला मार्गच नव्हता. साध्या जीमेल खात्यावर फाइल कुणी कुणी पाहिली याची नोंद मालकाला मिळत नाही, आणि लॉगिन न करता आलेला माणूस तर निनावीच दिसतो.

फोल्डर 'रिस्ट्रिक्टेड', म्हणजे नावानिशी परवानगी असलेल्यांनाच उघडेल असा, केला तरी काम संपलं नव्हतं. आतल्या काही फाइली कुणी ना कुणी स्वतंत्रपणे लिंकवर शेअर केल्या होत्या. फोल्डर बंद करून त्या बंद होत नाहीत. एकेक उघडून पाहावी लागली. ज्यांनी आधीच डाउनलोड करून घेतलं असेल, त्यांच्याकडून तर काहीच परत घेता येत नाही.

मी काय करते ते सांगते. काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला, तो ज्या खात्यावरून काम करणार आहे त्याच खात्यावरून, मला एक ओळीची मेल पाठवायला लावते. लोकांना हे वेळखाऊ वाटतं, पण 'ऍक्सेस मिळत नाहीये' हा सगळा गोंधळ तिथेच संपतो. मग त्या पत्त्यांना नावानिशी परवानगी. बहुतेकांना 'व्ह्यूअर' (फक्त पाहणारा), लागलंच तर 'कमेंटर' (शेरा देऊ शकणारा), आणि 'एडिटर' (बदल करू शकणारा) अगदी मोजक्यांना. शेअरच्या चौकटीत वर गिअरचं चिन्ह असतं. एडिटरने पुढे आणखी कुणाला परवानगी द्यावी की नाही, ते तिथे ठरतं. हा पर्याय मुळात चालूच असतो. मी तो बंद करते.

आणि कुठलीही लिंक पाठवण्याआधी ती इनकॉग्निटो विंडोत (ब्राउझरची, तुमचं लॉगिन न वापरणारी खिडकी) उघडून बघा. लॉगिन न मागता फाइल उघडली, तर ती कुणालाही उघडेल. इतकी सोपी तपासणी आहे, तरी घाईत असलेली माणसं ती करत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्यांची कागदपत्रं आत आहेत त्यांना तुमच्या घाईशी काही देणंघेणं नाही. त्यांनी विश्वासाने आधार कार्ड दिलेलं असतं.

संस्थेच्या फाइली एका माणसाच्या खात्यावर

ही माझ्या मते दुसरी मोठी चूक. संस्था छोटी असते, कुणीतरी उत्साही तरुण पुढे येतो, स्वतःच्या जीमेलवर फोल्डर तयार करतो. हिशेब, सभासदांची यादी, करारनामे सगळं तिथे. त्याची नोकरी बदलते, लग्न होतं, तो दुसऱ्या शहरात जातो. कुणाचंच काही चुकलेलं नसतं, पण फाइलींचा मालक तोच असतो. बाकीचे एडिटर असले तरी मालकी त्यांची नाही. त्याने खातं बंद केलं तर फाइली त्याच्याबरोबर जातात. गूगलचं धोरणही लक्षात ठेवा: वैयक्तिक खातं सलग २ वर्षं वापरात नसेल तर ते काढून टाकलं जाऊ शकतं.

मालकी दुसऱ्याच्या नावावर करता येते, पण वैयक्तिक खात्यांत समोरच्याने ती स्वीकारावी लागते. म्हणून माणूस जायच्या आधी, त्याच्या शेजारी बसून हे करून घ्या. निरोप समारंभानंतर कुणी फोन उचलत नाही. सगळ्यांत चांगलं म्हणजे पहिल्या दिवसापासून संस्थेच्या नावाचं खातं ठेवावं, आणि परवडत असेल तर शेअर्ड ड्राइव्ह घ्यावा. त्यातल्या फाइली व्यक्तीच्या नसतात, संस्थेच्या असतात.

पण संस्थेच्या खात्याचा पासवर्ड पाच जणांना वाटणं हा यावरचा उपाय नव्हे. कुणी काय केलं ते मग कळतच नाही. खातं दोन जबाबदार माणसांच्या हाती, दोन टप्प्यांची पडताळणी चालू, बाकीच्यांना आपापल्या खात्यावर परवानगी.

लपवलेली शीट

गूगल शीट्समध्ये पगाराचं पान 'हाइड' केलं म्हणजे ते सुरक्षित झालं, असं समजू नका. ज्याला फाइलची कॉपी करता येते, तो ते पान उघडू शकतो. 'प्रोटेक्ट' केल्याने बदल थांबतात, वाचणं थांबत नाही. गोपनीय पान वेगळ्या फाइलमध्येच ठेवा. गूगल डॉक्समधून खोडलेला मजकूरही एडिटरला व्हर्जन हिस्टरीत (जुन्या आवृत्त्यांच्या नोंदीत) दिसतो. बाहेर द्यायचा मसुदा असेल तर मी नवी प्रत काढून तीच देते.

'एन्क्रिप्शन आहे ना?'

लोक मला हे हमखास विचारतात. एन्क्रिप्शन म्हणजे मेसेज सांकेतिक रूपात पाठवणं, आणि ते आहे. पण ते वाटेतल्या चोराला अडवतं, ग्रुपमध्ये कोण आहे हे बघत नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या बड्या अधिकाऱ्यांनी येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा सिग्नल या मेसेजिंग ॲपच्या ग्रुपवर केली आणि त्या ग्रुपमध्ये 'द अटलांटिक' मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग यांना चुकून घेतलेलं होतं. एन्क्रिप्शन शाबूत होतं, सभासदांची यादी चुकली होती. व्हॉट्सॲप ग्रुपचं आमंत्रण लिंकने देत असाल तर सगळे आले की लिंक रीसेट करा, आणि नव्या सभासदाला ॲडमिनची मंजुरी लागेल असं सेटिंग ठेवा.

मीटिंगचा फोटो

नोव्हेंबर २०२० मध्ये नेदरलँड्सच्या संरक्षणमंत्र्यांच्या ट्विटर खात्यावर एक फोटो आला. त्यात युरोपीय संघाच्या संरक्षणमंत्र्यांच्या बैठकीचा लॉगिन पत्ता आणि सहा आकडी पिनमधले पाच आकडे दिसत होते. एक डच पत्रकार सरळ त्या बैठकीत जाऊन बसला. तेव्हा 'आमची टीम मीटिंगमध्ये' असे फोटो टाकण्याआधी स्क्रीनवर काय दिसतंय ते वाचा. झूमवर वेटिंग रूम (तुम्ही आत घेईपर्यंत लोक थांबतात ती जागा) चालू ठेवा आणि पर्सनल मीटिंग आयडी (तुमच्या खात्याचा कायमचा मीटिंग क्रमांक) बाहेरच्यांना देऊ नका.

थोडक्यात आणखी काही

स्क्रीन शेअर करताना पूर्ण स्क्रीन देऊ नका, हवी ती विंडोच द्या.

मीटिंगमध्ये टिपणं घेणारा एखादा बॉट (स्वयंचलित प्रोग्रॅम) आपोआप येऊन बसला असेल, तर तो कुणाचा ते विचारा. सगळ्यांची संमती नसेल तर काढा.

फॉर्म पाठवताना एडिटिंगची लिंक जात नाहीये ना, ते बघा. उत्तरांचा गोषवारा सगळ्यांना दाखवण्याचा पर्यायही बंद ठेवा.

एनीडेस्कसारख्या, दुरून संगणक चालवण्याच्या ॲपवर कायमचा पासवर्ड ठेवला असेल, तर काम झालं की काढून टाका.

प्रत्येक परवानगीसमोर 'कधीपर्यंत' हा रकाना असलेली एक यादी ठेवा. माणूस गेला की त्याच दिवशी त्याचं नाव काढा. अवघडल्यासारखं होतं, पण जाणाऱ्यालाही त्यातून मोकळीक मिळते.

आधार लागणारच असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार मागा. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात, सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे विश्वस्तांना एकदा वाचून दाखवा. आणि शिष्यवृत्तीचं वर्ष संपलं, नियमानुसार जपायची कागदपत्रं बाजूला काढली, की उरलेले पासबुकांचे फोटो पुसा. ड्राइव्हची ट्रॅशही रिकामी करा, नाहीतर ते फोटो आणखी ३० दिवस तिथेच पडून राहतात.