गुठळी किती घट्ट? अल्ट्रासाऊंडने मोजताना काय सांभाळायचं

हृदयाच्या शस्त्रक्रियेत बायपास पंप बंद झालेला असतो, हेपरिनचा (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा) परिणाम उतरवणारं प्रोटामिन देऊन झालेलं असतं, तरी छातीत रक्त झिरपत राहतं. सर्जन मान वर न करता विचारतात, "काय कमी आहे?" मी व्हर्जिनियात परफ्युजनिस्ट, म्हणजे हा पंप चालवणारी, आहे आणि या प्रश्नाचं उत्तर पाव तासात हातात देणं हे माझ्या कामातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं. पुण्या-मुंबईहून या क्षेत्रात येणारी मुलं गुठळीचा घट्टपणा अल्ट्रासाऊंडने मोजणाऱ्या क्वांट्रा या यंत्राबद्दल विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

दही लागलं का ते पाहायला आजी भांडं जरासं कलतं करायची. चमचा घालू द्यायची नाही, कोवळं दही मोडतं म्हणून. हार्टर्टने १९४८ मध्ये जर्मनीत मांडलेल्या थ्रोम्बोइलॅस्टोग्राफीत, म्हणजे गुठळी मोजायच्या जुन्या पद्धतीत, रक्ताचा कप मागेपुढे फिरतो आणि आत लोंबणारी दांडी गुठळी धरली की हलू लागते. ही पद्धत आजही कामाची आहे, पण कोवळ्या गुठळीला तिचा धक्का बसतो. क्वांट्रात रक्तात काहीच बुडवत नाहीत. अल्ट्रासाऊंडचा झटका नमुन्याला किंचित थरथरवतो आणि पाठोपाठच्या लहरींचे प्रतिध्वनी ती थरथर टिपतात. गुठळी घट्ट होईल तशी थरथर जलद होते, तबल्याची वादी ताणली की सूर चढतो तशी. त्यावरून घट्टपणा हेक्टोपास्कलमध्ये काढतात. हे तंत्र व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधनातूनच पुढे आलं.

यंत्र चालवणं सोपं आहे: कार्ट्रिज बसवा, त्यावर ट्यूब लावा, पुढचं ते ३७ अंशांवर आपोआप करतं. खरी कसोटी नमुना घेताना लागते. निळ्या झाकणाची, सायट्रेटची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) ट्यूब घ्या आणि खुणेपर्यंत भरा. अर्धवट भरली तर रक्ताच्या मानाने सायट्रेट जास्त होतं आणि गोठायचा वेळ उगाच लांबलेला दिसतो. मग ट्यूब हलक्या हाताने चार-पाच वेळा उलटसुलट करा, खळखळवू नका. बर्फात तर मुळीच ठेवू नका.

आर्टेरियल लाइनमधून (धमनीत घातलेल्या नळीतून) घेत असाल तर नळीत मावतं त्याच्या सहापट रक्त आधी काढून टाका. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका रात्री मी घाईत हेपरिनने धुतलेल्या लाइनमधलं पहिलंच रक्त ट्यूबमध्ये घेतलं. यंत्राने हेपरिन उरल्याचं दाखवलं आणि आणखी प्रोटामिनची सिरिंज भरली गेली. जास्तीचं प्रोटामिन स्वतःच गोठणं बिघडवतं. ॲनेस्थेटिस्ट मॅडमनी वेळीच विचारलं, "नमुना कुठून घेतलास?" दुसऱ्या नमुन्यात हेपरिन नव्हतंच. त्या पेशंटला काही झालं नाही, पण तेव्हापासून आधीचं रक्त काढून टाकल्याशिवाय मी ट्यूबला हात लावत नाही.

आता आकडे. कार्ट्रिजमध्ये चार कप्पे असतात. पहिल्या दोघांत केओलिनने गोठण सुरू होते, मात्र दुसऱ्यात हेपरिन मोडणारं एन्झाइमही असतं. पहिल्याच्या वेळेला दुसऱ्याच्या वेळेने भागा. उत्तर १ च्या आसपास असेल तर हेपरिनचा दोष नाही. बरंच वर गेलं आणि नमुना स्वच्छ असल्याची खात्री असेल, तरच प्रोटामिनचा विचार.

तिसरा आणि चौथा कप्पा मला सर्वांत आवडतात. दोन्हींत गोठण सुरू करणारं थ्रोम्बोप्लास्टिन असतं आणि हेपरिन निष्प्रभ केलेलं असतं. चौथ्यात शिवाय ॲब्सिक्सिमॅब असतं, ते प्लेटलेटना (गोठायला मदत करणाऱ्या रक्तातल्या कणांना) फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे बनवणारं प्रथिन) धरू देत नाही. म्हणजे चौथ्यातला घट्टपणा मुख्यतः फायब्रिनोजेनचा. तिसऱ्यातून चौथा वजा केला की प्लेटलेटचा वाटा उरतो. फायब्रिनोजेनचा आकडा खाली असेल तर क्रायो (फायब्रिनोजेन भरपूर असलेला रक्तघटक) मागवायचं, प्लेटलेटचा खाली असेल तर प्लेटलेट. प्लेटलेटची पिशवी फार तर ५ ते ७ दिवस टिकते, कुणीतरी तासभर बसून दिलेली असते. अंदाजाने ती लावणं मला पटत नाही.

आकडे चांगले आणि रक्त मात्र वाहतंय, असंही होतं. तेव्हा या चाचणीला काय दिसत नाही ते आठवा. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या प्लेटलेट मंदावणाऱ्या औषधांचा परिणाम तिच्यात नीट उमटत नाही, व्हॉन विलेब्रँडचा (रक्त नीट न गोठण्याचा) आजारही नाही. पेशंट ३४ अंशांवर गारठलेला असला तरी चाचणी ३७ अंशांवरच होते. नमुन्यात कॅल्शियम बाहेरून घातलेलं असतं, त्यामुळे पेशंटचं कमी कॅल्शियम झाकलं जातं. ते ब्लड गॅस या रक्तचाचणीत बघा. हे सगळं ठीक असेल तर सर्जनना सांगा, गळणारा टाका शोधा. हे सांगायला कचरू नका.

पिशवी पूर्ण आत गेली की दहा-पंधरा मिनिटांनी नवा नमुना घ्या. ट्यूबवर वेळ लिहा, प्रोटामिनआधीची की नंतरची तेही लिहा. एका केसमध्ये चार-पाच ट्यूब होतात आणि पहाटे तीन वाजता त्या सगळ्या सारख्याच दिसतात.