रिपॉझिटरी गूगल स्कॉलरला जोडताना या चुका टाळा

प्रबंध विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन संग्रहात, अपलोड झाला, पानही उघडतंय, तरी गूगल स्कॉलरमध्ये, म्हणजे गूगलच्या संशोधन शोधायच्या सेवेत, का दिसत नाही? हा प्रश्न घेऊन कुणी ग्रंथालयात आलं की मी त्याच्याच प्रबंधाचं पान उघडतो आणि 'व्ह्यू पेज सोर्स' करतो. स्कॉलरला नोंद कशी दिसते, ते तिथे कळतं. लेखक, शीर्षक, वर्ष आणि पीडीएफचा पत्ता सांगणारे 'सायटेशन' नावाचे मेटा टॅग, म्हणजे यंत्राने वाचायच्या छुप्या ओळी, तिथे असायला हवेत. डीस्पेस या रिपॉझिटरी चालवायच्या सॉफ्टवेअरच्या ७ किंवा त्यापुढच्या आवृत्तीत ब्राउझरमध्ये पान नीट दिसतं, पण सर्व्हर-साइड रेंडरिंग (सर्व्हरनेच पूर्ण पान तयार करून पाठवणं) बंद पडलं असेल तर सोर्समध्ये हे टॅगच नसतात.

टॅग आहेत, पण पीडीएफच्या पत्त्यात 'लोकलहोस्ट' (फक्त त्याच संगणकावर चालणारा पत्ता) लिहिलंय? म्हणजे इन्स्टॉल करणाऱ्याने कॉन्फिगरेशनमध्ये विद्यापीठाचा डोमेन घातलेलाच नाही. हँडलचं, म्हणजे नोंदीच्या कायमच्या पत्त्याचंही तेच. पत्त्यात १२३४५६७८९ हा आकडा दिसला तर तो डीस्पेससोबत येणारा नमुन्याचा प्रीफिक्स, म्हणजे संस्थेची ओळख सांगणारा सुरुवातीचा आकडा, आहे. तो नोंदणीकृत नसल्यामुळे त्यावरून बाहेरचा कुणी प्रबंधापर्यंत पोचू शकत नाही. हजारो नोंदी चढवण्याआधीच स्वतःचा प्रीफिक्स घ्या.

मनाला सगळ्यात जास्त लागतं ते मराठी प्रबंधांचं. परवा एका प्रबंधातली ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट केली, तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला झाला. प्रबंध कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. पानावर अस्सल मराठी दिसते, पण यंत्राला त्यातला एक शब्दही वाचता येत नाही. मग शोधात तो सापडणार कसा आणि त्याची संदर्भसूची जुळणार कशी? श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधल्या फाइलींची हीच गत. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना वाचता येणाऱ्या अक्षरसंचात, रूपांतर करता येतं, पण त्यात पानं सरकतात, आणि मूळ पानक्रमांक देऊन कुणी उद्धृत केलेलं असेल तर ते चुकीचं ठरतं. म्हणून पानं आहेत तशी ठेवून त्यांच्याखाली ओसीआरचा (पानाच्या चित्रावरून यंत्राने ओळखलेला) मजकूर घालावा, असं माझं ठाम मत आहे. टेसरॅक्ट या ओसीआर सॉफ्टवेअरला मराठी येतं. जोडाक्षरं तपासायला माणूस लागतो, तेवढा वेळ द्याच. फाइल ५ एमबीच्या आत ठेवा. रंगीत स्कॅन करड्या छटेत केलं तरी बराच भार उतरतो.

प्रकरणागणिक वेगळ्या फाइली चढवल्या असतील तर 'प्रायमरी', म्हणजे मुख्य फाइल, कोणती ते ठरवून द्या. नाहीतर पहिली पीडीएफ उचलली जाते, आणि ती बहुतेक वेळा मुखपृष्ठाची असते.

लेखकाच्या रकान्यात 'डॉ.', 'प्रा.' लावू नका आणि मार्गदर्शकांचं नाव तिथे घालू नका. आमच्याकडे आणखी एक चूक सर्रास होते: तेच नाव एकदा देवनागरीत, एकदा रोमनमध्ये, दोन वेगळे लेखक म्हणून. एका विद्यार्थिनीचं काम अशानं दोघांच्या नावावर पडतं. प्रबंधाच्या लिपीतलंच नाव ठेवा, आणि ओळख पक्की करायला ऑर्किडचा (ORCID, संशोधकांच्या ओळख-नोंदणीचा) १६ अंकी क्रमांक जोडा. 'डेट इश्यूड' या तारखेच्या रकान्यात पदवीचं वर्ष हवं. जुने प्रबंध एकगठ्ठा चढवताना तिथे अपलोडची तारीख पडली, तर १९८७चं संशोधन आजचं ठरतं.

एवढं करूनही काही दिसत नसेल तर सर्व्हरचा ॲक्सेस लॉग (कोण आलं-गेलं याची नोंद) उघडा. गूगलबॉटला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रॅमला, ४०३ (प्रवेश नाकारल्याचा कोड) मिळतोय का? एआय-बॉटांच्या माऱ्याला कंटाळून आयटी विभागाने फायरवॉलवर सगळेच बॉट अडवलेले असू शकतात. बॉटांनी काय वाचावं ते सांगणाऱ्या रोबॉट्स फाइलमध्ये पीडीएफच्या मार्गावर बंदी आहे का, तेही बघा.

नवी नोंद त्यामानाने लवकर येते; आधीच गेलेली चुकीची नोंद सुधारायला मात्र स्कॉलरला वर्षही लागू शकतं. तेवढ्यात धीर सोडून नोंद डिलीट करून पुन्हा चढवू नका. हँडल बदलतो आणि कुणी आधीच दिलेला दुवा तुटतो. आहे त्याच नोंदीत दुरुस्ती करा.