पावसाळ्यातलं आंब्याचं कलम का वाळतं? या चुका टाळा

"पावसानं कलम सडलं," असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. नागपुरात पावसापेक्षा उघाडीनंच जास्त कलमं मरतात.

कोय कलम, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर चांगल्या आंब्याची काडी बसवून केलेलं कलम, कोकणात छान साधतं, कारण तिथली हवा जुलैभर ओली असते. आपल्याकडे चार दिवस झड आणि मग आठवडाभर कडक ऊन, पारा ३५ च्या पुढे. अशा उन्हात कलमावरची प्लास्टिकची टोपी म्हणजे भट्टीच. पहिल्या वर्षी मी २० कलमं उघड्या गच्चीवर ठेवली होती. उघाड पडली आणि तिसऱ्या दिवशी १७ काड्या शेंड्याकडून काळ्या पडत आल्या. तेव्हापासून हिरव्या शेडनेटखाली किंवा भिंतीच्या गार बाजूलाच ठेवतो.

दुसरी चूक कोयीची. आंबा खाल्ला, कोय खिडकीत महिनाभर वाळवली, मग लावली, तर ती उगवायची आशा सोडा. गावरान आंब्याची कोय ताजीच लावायची. आधी पाण्यात टाकून बघा, तरंगली की फेकून द्या. रोपाची पानं तांबूस, लुसलुशीत असतानाच, म्हणजे उगवल्यावर १०-१५ दिवसांत कलम करायचं. पानं हिरवी होऊन खोड कडक झालं असेल तर ओढाताण करू नका. ते रोप पुढच्या वर्षीच्या मृदुकाष्ठ कलमासाठी (मोठ्या रोपाच्या कोवळ्या फुटीवर करायचं कलम) राखून ठेवा.

पण बहुतेकांचं घोडं काडीपाशी अडतं. शेजारच्या दशहरी आंब्याची फांदी आज तोडली आणि आजच बांधली, असं चालत नाही. काडी तीन-चार महिन्यांची, रोपाच्या खोडाएवढ्या जाडीची हवी. तोडायच्या ८-१० दिवस आधी, ती झाडावर असतानाच, तिची पानं कापायची आणि देठ तेवढे ठेवायचे. मग रोज एका देठाला बोटानं हलकेच टिचकी मारून बघायची. देठ अलगद गळून पडला आणि शेंड्याचा डोळा फुगलेला दिसला की काडी तयार. देठ चिकटून राहत असेल तर अजून थांबा. या एका टिचकीनं माझी निम्मी कलमं वाचली.

काडीचं खालचं टोक तासून रोपाच्या खोडाच्या चिरेत बसवायची पाचर चार-पाच सेंटिमीटरची, नव्या ब्लेडनं, एकाच ओढीत. कापलेल्या जागेला बोट लावायचं नाही. काडी बारीक निघाली तर ती मधोमध बसवू नका. निदान एका बाजूला सालीला साल भिडली पाहिजे. सांध्यावर प्लास्टिकची पट्टी खालून वर गुंडाळा, कौलं चढवतात तशी, म्हणजे पावसाचं पाणी सांध्यात न शिरता बाहेरून ओघळतं. टोपीसाठी बर्फाच्या पेप्सीची लांबट पिशवी झकास बसते, फक्त आधी धुऊन घ्या, नाहीतर मुंग्या लागतात.

बिघडलं तर ते कुठून काळं पडलं ते बघा. शेंड्याकडून वाळत आलं तर ऊन लागलं. सांध्यापासून वर काळं चढलं तर पाणी शिरलं किंवा बुरशी लागली. पुढच्या खेपेला काड्या कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात (लिटरला १ ग्रॅम) बुडवून घ्या. काडी हिरवी आहे पण फुटत नाही, तर उपटू नका. तीन-चार आठवडे वाट बघायला हरकत नाही.

फूट आली की लोक आनंदानं टोपी भरदुपारी काढतात आणि कोवळी पानं संध्याकाळपर्यंत मान टाकतात. टोपी संध्याकाळी काढा, तीही ढगाळ दिवस बघून. सांध्याखालून येणारी फूट मात्र दिसेल तेव्हा खुडा. ती गावरान फूट जोरकस असते. ती वाढू दिली तर दशहरी राहते बाजूला आणि वर्षभर आपण कोयीचंच झाड पोसत बसतो.

पट्टी विसरू नका. दोन-तीन महिन्यांनी, सांधा भरला की, उभी चीर देऊन सोडवा, नाहीतर खोडाला काच पडतो. आणि त्याच पावसाळ्यात हे पिल्लू वावरातल्या काळ्या मातीत लावायची घाई नको. तिथं पाणी तुंबतं. एक उन्हाळा पिशवीतच, सावलीत काढू द्या.