वजन कमी करायला रोज किती कॅलरी? टार्गेट ठरवताना या चुका टाळा

वजन कमी करायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी १२०० हा आकडा धरून बसतात. कुणा मैत्रिणीने सांगितलेला असतो नाहीतर रीलमध्ये बघितलेला असतो, आणि मग पाच फूट उंचीची घरून काम करणारी बाई आणि दिवसभर साइटवर उन्हातान्हात फिरणारा सहा फुटी माणूस, दोघंही १२०० वर. आठ-दहा दिवस जोर असतो, मग एका संध्याकाळी भूक आवरत नाही, फरसाणाचा डबा उघडला जातो आणि रात्री वाटतं की आपल्याच्याने काही होणार नाही. होणार आहे हो, पण आधी आकडा नीट बसवा.

दुसऱ्याचा आकडा उचलू नका

मिफ्लिन-सेंट जिऑर नावाचं एक सूत्र आहे, १९९० चं, आजही बऱ्याच ठिकाणी तेच वापरतात. वजन किलोमध्ये गुणिले १०, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ६.२५, उणे वय गुणिले ५, आणि शेवटी बायकांसाठी १६१ वजा करायचे, पुरुषांसाठी ५ मिळवायचे. समजा ३५ वर्षांची बाई, वजन ७२ किलो, उंची १५७ सेंटिमीटर. हिशोब येतो साधारण १३६५. म्हणजे दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी शरीर एवढी ऊर्जा खर्च करणारच. याला मग हालचालीच्या आकड्याने गुणायचं, बैठं काम असेल तर १.२, थोडंफार चालणं असेल तर १.३७५, आणि आठवड्यातून तीन ते पाच दिवस चांगला घाम काढणारा व्यायाम असेल तरच १.५५.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. घरातलं सगळं काम मीच करते, संध्याकाळी अर्धा तास चालते, मग मी 'मॉडरेट' (मध्यम हालचालीची) की, असं म्हणून कॅलरी मोजायच्या अ‍ॅपमध्ये १.५५ वालं बटण दाबलं जातं. आता वरच्याच बाईचं बघा, १.२ ने गुणलं तर १६३८ आणि १.५५ ने गुणलं तर २११६, फरक जवळपास ४८० चा. म्हणजे रोज ४०० कमी खातेय असं समजून ती मनापासून डाएट करणार आणि प्रत्यक्षात काटा हलणारच नाही, कारण तेवढी तूट मुळात कधी तयारच झाली नव्हती. शंका असेल तर खालचा आकडा घ्या. आणि पाकिटांवर जो २००० चा हिशोब असतो तो सरासरी माणसाचा आहे, त्यातून ५०० वजा करून आपलं टार्गेट ठरवू नका. आयसीएमआर-एनआयएन, म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला १६६० आणि ६५ किलोच्या पुरुषाला २११० दिलेत, तेही वजन आहे तसं राखायला.

किती कमी करायचं

३०० ते ५००, बस. वरच्या बाईचा रोजचा खर्च १.२ आणि १.३७५ च्या मधला, १७५० च्या आसपास धरला तर तिचं टार्गेट १३५० ते १४०० येतं. शरीरावरची एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, म्हणजे रोजच्या ४०० च्या तुटीने आठवड्याला साधारण ३५०-३६० ग्रॅम, महिन्याला दीड किलो. ऐकायला कमी वाटतं म्हणून लोक घाई करतात. भावाचं लग्न महिन्यावर आलंय, ८ किलो उतरवायचेत, असं कुणी म्हणालं की मी आधी गुणाकार करायला सांगते: ८ गुणिले ७७०० भागिले ३०, रोज २०५० ची तूट. वरची बाई दिवसभरात खर्चच १७५० करते, मग काही न खाताही हे जमणार नाही!

बायकांनी १२०० च्या आणि पुरुषांनी १५०० च्या खाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. फार कमी खाल्लं की दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळायला लागतात, पाळी मागेपुढे होते, चक्कर येते, आणि फार झपाट्याने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने जेवण अजिबात कमी करू नका, रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते, आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि १८ च्या आतल्या मुलामुलींनी हे आकडे वापरूच नयेत.

टार्गेट बरोबर आहे तरी वजन हलत नाही?

मग स्वयंपाकघरात बघा, आणि पहिल्यांदा तेलाकडे. एक छोटा चमचा तेल म्हणजे ४०-४५ कॅलरी, तूपही जवळपास तेवढंच. भाजीची फोडणी, पोळीला लावलेलं, आमटीवर वरून घातलेलं, हे कुणी लिहीतच नाही. प्रत्येक वेळी चमचा मोजणं जमत नसेल तर सोपा उपाय सांगते, महिन्याला घरात किती लिटर तेल संपतं ते बघा. एक लिटर तेल म्हणजे ८००० हून जास्त कॅलरी. चार माणसांच्या घरात ३ लिटर संपत असेल तर माणशी रोज २०० कॅलरी नुसत्या तेलाच्या, आणि चार लिटर असेल तर पावणेतीनशेच्या जवळ. तुमची अर्धी तूट इथेच जाते. फोडणीला थेट बरणीतून ओतायच्या ऐवजी चमच्याने घाला, एवढ्यानेही फरक पडतो.

दुसरं दाण्याचं कूट. शेंगदाणा चांगला आहे, पौष्टिक आहे, पण ३० ग्रॅममध्ये १६० च्या पुढे कॅलरी असतात आणि आपल्याकडे कोशिंबिरीत, भाजीत, चटणीत सगळीकडे कूट पडतं. उपासाच्या दिवशी तर विचारूच नका, प्लेटभर साबुदाणा खिचडी म्हणजे साबुदाणा, कूट, बटाटा आणि तूप मिळून साडेचारशे-पाचशे, आणि त्यात पोट भरून ठेवणारं प्रोटीन फार नाही, म्हणून तासा-दोन तासांनी परत भूक लागते आणि वेफर्सचं पाकीट निघतं.

आणि हो, भाकरी. पोळी सोडून ज्वारीच्या भाकरीवर आलो म्हणजे कॅलरी कमी झाल्या असं फार जण धरून चालतात. कणीक काय आणि ज्वारीचं पीठ काय, १०० ग्रॅमला दोन्ही साधारण ३३०-३५० च्याच घरात. भाकरी तर आकाराने मोठी, ६० ग्रॅम पिठाची असेल तर २००, आणि ३० ग्रॅम कणकेची पोळी तेल धरून १२०. भाकरी जरूर खा, फायबर असतं, पोट भरतं, फक्त दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या असा हिशोब करू नका. भाताचंही तसंच, कच्चा तांदूळ १०० ग्रॅम म्हणजे ३५० आणि शिजलेला भात १०० ग्रॅम म्हणजे १३०, तेव्हा वजन कशाचं केलंय ते अ‍ॅपमध्ये नीट निवडा. 'एक वाटी पोहे' अशा तयार नोंदींवर तर माझा फारसा विश्वास नाही, ती वाटी कुणाची आणि त्यात तेल किती हे कळायला मार्ग नसतो. चहा लिहा, दोन चमचे साखर आणि म्हशीचं दूध असेल तर कपाला ८०-९० होतात.

रविवारही धरा. सहा दिवस ४०० वाचवले म्हणजे २४००, आणि रविवारी बिर्याणी, आइस्क्रीम मिळून १५०० जास्तीचे गेले तर आठवड्याची तूट उरली ९००. रविवार बंद करा असं मी म्हणत नाही, पण तो आठवड्याच्या हिशोबात असू दे.

घड्याळाने सांगितलं '३५० बर्न' म्हणून तेवढं जास्त खाणं ही पण चूक, कारण हालचाल तुम्ही आधीच गुणाकारात धरलेली आहे, आणि घड्याळाचा आकडा बऱ्याचदा वास्तवापेक्षा जास्त असतो.

काटा बघताना

रोजचं वजन एक किलोने इकडे-तिकडे होतंच. आदल्या रात्री लोणचं-पापड झालं, पाळी जवळ आली, पोट साफ नाही झालं, की वाढलेलं दिसणार, ते पाणी असतं. तसंच पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले तरी त्यातलं बरंचसं पाणीच असतं. म्हणून सकाळी उठल्यावर वजन करा, सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीची सरासरीशी तुलना करा. बायकांनी तर या पाळीच्या आठवड्याची गेल्या पाळीच्या आठवड्याशीच तुलना करावी. चार दिवसांत घाबरून आकडा खाली आणू नका. नोंद प्रामाणिक असूनही चार आठवडे सरासरी जागची हलली नाही, तर १०० ते १५० कमी करा, किंवा रोजचं चालणं वाढवा, मला स्वतःला चालणं वाढवणं जास्त पटतं.

पाच-सहा किलो उतरले की सूत्र परत मांडा, हलक्या शरीराचा खर्चही कमी असतो, ६ किलोला साधारण ७०-८० कॅलरीचा फरक पडतो. आणि हवं त्या वजनाला पोचलात की एकदम जुन्या जेवणावर जाऊ नका, दर आठवड्याला १०० वाढवत जा, आणि सरासरी दोन-तीन आठवडे स्थिर राहिली की तोच तुमचा रोजचा आकडा.