प्रशिक्षणाआधी शाखेत काय काय करून ठेवायचं

बँकेच्या शाखेतून माणसं प्रशिक्षणाला पाठवायची तर आधी तारीख धरा. मार्चअखेर नको, खरिपाच्या पीककर्जाची गर्दी नको, दिवाळीनंतर कापसाचे पैसे खात्यावर पडू लागतात ते आठवडेही नकोत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात लेकी माहेरी येतात, तेव्हा तो आठवडा सोडाच. पेरण्या आटोपल्यावरचा काळ बरा. दुसरा-चौथा शनिवार मोकळा दिसतो म्हणून तोच गाठू नका. सुट्टी मोडून बसवलेला माणूस घड्याळाकडे बघत बसतो.

निदान पंधरा दिवस आधी एक वही सुरू करा. नवं खातं उघडायला किती वेळ लागला, किती नोंदी चुकून उलटवाव्या लागल्या, संध्याकाळी कॅश किती वाजता जुळली, एवढंच रोज लिहायचं. कुणाचं नाव लिहायचं नाही. नाव आलं की माणसं चुका लपवतात. ही वही नसेल तर प्रशिक्षणावरच्या खर्चाचं काय झालं, या संचालकांच्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसतं.

पाच-सहा जणांच्या शाखेतून दोघं एकदम पाठवू नका. जाणाऱ्याचं टेबल कोण बघणार ते लेखी ठरवा, तिजोरीच्या किल्लीचा ताबा रजिस्टरला नोंदवा. आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मागे ठेवायचा नाही, कितीही विश्वासाचा सोबती असला तरी.

सरावासाठी आपल्याच शाखेतली अडलेली कामं न्या, नावं आणि खातेक्रमांक झाकून. बनावट नोट सापडली तर ती ग्राहकाला परत द्यायची नाही, शिक्का मारून पावती द्यायची. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा असतील तर महिन्याच्या एकत्रित अहवालात पोलिसांना कळवायचं, पाच किंवा जास्त असतील तर पोलिसांत एफआयआर. हे पाठ असून चालत नाही, समोर चिडलेला माणूस उभा करून प्रत्यक्ष करून बघावं लागतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात; तो अर्ज प्रत्येकाने एकदा हाताने भरावा. ओटीपीचा धडा मात्र अहिराणीतच घ्या. ‘हाऊ नंबर कोनलेबी सांगू नका, माय’ हे म्हातारीला लगेच कळतं. फसवणूक झालीच तर १९३० हा तक्रारीचा क्रमांक काउंटरवर मोठ्या अक्षरात लावलेला हवा.

सगळ्यांत जास्त विसरली जाते ती परतल्यानंतरची तयारी. आमच्याकडे एक जण कर्जाची कागदपत्रं तपासायला शिकून आला आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कॅशवरच बसला. सहा महिन्यांनी त्याला कर्जाच्या टेबलावर आणलं तेव्हा त्याला पहिल्यापासून शिकवावं लागलं. दोष त्याचा नव्हता, आमचा होता. म्हणून पाठवण्याआधीच परतल्यावरचं टेबल ठरवा, पहिले पंधरा दिवस शेजारी एक जाणता माणूस द्या, आणि तीन महिन्यांनी तीच वही पुन्हा पंधरा दिवस लिहा.